कर्नलसाहेबांची विश्रांती

उपाशीपोटी रक्त तपासायला आलेल्या माणसांइतकी चिडकी माणसं शोधून सापडायची नाहीत. आणि नेमकी त्यांची रांग दारापर्यंत लागलेली, काउंटरवरच्या बाई पहिलं नाव विचारायच्या बेतात, तेव्हाच प्रयोगशाळेचा सर्व्हर पडला.

पडला म्हणजे खाली आपटला नाही. मागच्या छोट्या खोलीत, लोखंडी कपाटात, एसीच्या गारव्यात तो होता तसाच उभा होता. त्याचे हिरवे दिवेसुद्धा लागलेले होते. पण रक्त तपासणाऱ्या यंत्रांनी आकडे पाठवायचे, त्याने ते ज्याच्या त्याच्या नावावर लावायचे आणि रिपोर्ट छापून द्यायचे, हा सगळा कारभार जागच्या जागी थांबला.

"बंदचालूंना बोलवा!" आतून कुणीतरी ओरडलं.

बंदचालू म्हणजे तिथले संगणक सांभाळणारा माणूस. आईवडिलांनी त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं. पण कुठलीही तक्रार घेऊन गेलं की तो आधी "बंद करून चालू केलंत का?" असं विचारी, त्यामुळे हे नाव त्याला चिकटलं, आणि पुढे पुढे तोही मुकाट्याने त्या नावाला ओ देऊ लागला.

त्या सकाळी त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. निघताना तो आईच्या खोलीत डोकावला होता. आई खिडकीशी बसली होती, चेहरा ओढलेला. "बरं वाटतंय ना?" असं त्याने विचारलं, तर तिने फक्त हात हलवला. तो हलवलेला हात त्याच्याबरोबर कामावर आला होता.

त्याने सर्व्हरचा पडदा उघडला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा खच पडला होता आणि सगळ्यात खाली दोन शब्द होते.

"काय झालं?" काउंटरवरच्या बाईंनी दारातून विचारलं.

"कर्नेल पॅनिक."

"म्हणजे?"

"संगणकाची जी मूळ प्रणाली असते ना, तिचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याच्यापुढे काहीतरी असं येतं की पुढे काय करावं ते त्याला कळेनासं होतं. मग चुका करत सुटण्यापेक्षा तो हात वर करून थांबतो. शहाणपणाच आहे तसा."

बाईंच्या मागे रांगेत वादावादी सुरू झाली होती. त्यामुळे या सगळ्यातले त्यांच्या कानात शिरले ते पहिले दोन शब्द. त्या काउंटरवर परतल्या आणि म्हणाल्या, "जरा थांबावं लागेल हं. आत कर्नल पडलेत."

रांग एकदम शांत झाली. काठी घेऊन बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले. "पडले? कसे काय?"

"पॅनिक झाले एकदम."

"कोणत्या पलटणीतले?"

"ते काही सांगितलं नाही त्यांनी. पण काळजी करू नका, आमचा माणूस आत आहे. बंद करून चालू करतोय त्यांना."

गृहस्थ पुन्हा खाली बसले. त्यांचं रक्त काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुई टोचणाऱ्या बाईंचा हात धरून विचारलं, "मला फार नाही ना काढणार?"

बंदचालूने सर्व्हर बंद करून चालू केला. सर्व्हर उठला आणि काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागला. दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही. मग सगळे जेवायला बसले, यंत्रं थांबली, आणि बंदचालूने पहिला घास तोंडाजवळ नेला तेव्हा सर्व्हर पुन्हा पडला.

आता मात्र गोष्ट मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घालणं भाग होतं. मोठे डॉक्टर प्रयोगशाळेचे प्रमुख. सारी हयात त्यांनी माणसं काचेच्या नळीतून पाहिली होती. नाडी धरावी, जीभ बघावी, चार शब्द धीराचे बोलावेत, असा पेशंट त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. ते उठून मागच्या खोलीत आले आणि त्यांनी कपाटावर तळहात ठेवला.

"गरम लागतंय."

"तेवढं असतंच, सर."

"रोज किती काम करतो हा?"

"चोवीस तास चालूच असतो."

"सुट्टी?"

"सर्व्हरला सुट्टी नसते, सर."

मोठ्या डॉक्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आपण घरच्या म्हाताऱ्या माणसाला राबवून घेताना पकडलो गेलोय असं बंदचालूला वाटलं. "मग दुसरं काय होणार? थकलाय तो. त्याला विश्रांती द्या. नमुने कमी घ्या, यंत्रं आळीपाळीने लावा. साधे रिपोर्ट हाताने लिहा. आठवडाभर बोजा पडता कामा नये."

बंदचालूला ते पटलं. खोटं कशाला बोला, त्याच्या घरी हेच चाललेलं होतं.

त्याची आई शिवणाचे क्लास घ्यायची. पुढच्या खोलीत मशिनं, कात्र्या, मापाच्या टेपा आणि गावभरच्या मुली. त्या खडखडाटात तो लहानाचा मोठा झाला होता. महिन्याभरापूर्वी आईला चक्कर आली. मशीनवर होती, तिथेच कलली. तपासण्यांत काही निघालं नाही. पण परगावच्या ताईने फोनवर फर्मान काढलं, "बास झालं आता. आईने काडीलासुद्धा हात लावायचा नाही." मग क्लास बंद झाला. मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. स्वयंपाक बायकोने आपल्याकडे घेतला, भाजी निवडायलाही आईला बसू दिलं नाही. आईचा चेहरा उतरतच चालला. तिचा चेहरा उतरला की हे दोघं तिचं आणखी एखादं काम कमी करत. आता तर पेपरही बायकोच वाचून दाखवायची, डोळ्यांना ताण नको म्हणून.

तर सर्व्हरची विश्रांती सुरू झाली. सकाळच्या नमुन्यांपैकी निम्मे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवले. रिपोर्ट हाताने लिहायला टेबलं मांडली. काउंटरवरच्या बाई प्रत्येकाला हलक्या आवाजात सांगू लागल्या, "कर्नल अजून अशक्त आहेत." काठीवाले गृहस्थ चौकशीला आले आणि जाताना एक फुलांचा गुच्छ ठेवून गेले. तो कुठे ठेवावा ते कुणालाच कळेना. शेवटी बाईंनी तो सर्व्हरच्या कपाटावर ठेवला.

आणि सर्व्हर जास्तच पडू लागला.

पूर्वी दिवसातून एखाद-दोनदा पडायचा, आता बसता-उठता पडू लागला. मोठे डॉक्टर गंभीर झाले. "अजून ताण पडतोय कुठेतरी. आणखी कमी करा." बोजा आणखी कमी केला. तो आणखी पडला. यंत्रं एकेक करून सर्व्हरपासून सोडवली, तेव्हा तर तो उठल्या उठल्या, कुणी काही सांगायच्या आतच, हात वर करू लागला.

बंदचालूने जंग जंग पछाडलं. मेमरीच्या पट्ट्या काढून तपासल्या, पुसून परत बसवल्या. पंख्यातली धूळ काढली. वीजपुरवठा बदलून पाहिला. दर वेळी पडद्यावर पांढरी अक्षरं यायची आणि त्यांत प्रोसेसर त्या क्षणी काय करत होता ते लिहिलेलं असायचं: काही नाही, रिकामा होता. बंदचालू ती ओळ सोडून पुढे जायचा. चोरी झाली तेव्हा जो झोपला होता त्याची काय उलटतपासणी घ्यायची?

मग त्याने खोलीतच ठाण मांडलं. खुर्ची आणली, स्वेटर घातला आणि सर्व्हर काय करतोय ते क्षणाक्षणाला दाखवणारे दहा-बारा प्रोग्रॅम लावून तो टक लावून बसला. तो बसला तोवर सर्व्हर पडला नाही. तो प्रोग्रॅम बंद करून पाय मोकळे करायला उठला, की दाराबाहेर पाऊल पडायच्या आत सर्व्हर आडवा.

"तुमचा लळा लागलाय त्याला," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही आता इथेच बसा," मोठे डॉक्टर म्हणाले. ते अजिबात थट्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी बंदचालूचं टेबल आत आलं, डबा आत आला, आणि नाक गळायला लागल्यावर कुणीतरी मफलरही आणून दिला.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण एका दुपारी हाताने लिहिलेला एक रिपोर्ट पाकिटात घालताना अनुभवी तंत्रज्ञबाई थबकल्या. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मूळ यंत्राकडे जाऊन आकडा पाहिला. लिहिणाऱ्याकडून दशांशचिन्ह एक घर सरकलं होतं. तो रिपोर्ट एका बाईंच्या वडिलांचा होता. त्यांचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, ते त्या आकड्यावर ठरणार होतं. त्या बाई बाहेर बाकावर पर्स घट्ट धरून बसलेल्या होत्या. त्यांच्या हातात दुरुस्त रिपोर्ट पडला. त्या "थँक यू" म्हणाल्या आणि धावतच गेल्या. त्यांना काहीच कळलं नाही.

बंदचालूने हे दारातून पाहिलं. एसीच्या खोलीत इतके दिवस वाजली नव्हती एवढी थंडी त्याला बाहेर वाजली. आपण यंत्राला जपतोय, आणि ते यंत्र ज्यांना जपायला ठेवलंय ती माणसं मात्र बाकावर बसली आहेत, हे त्याला पहिल्यांदाच नीट दिसलं.

त्याच आठवड्यात एका कारखान्याच्या कामगारांची वार्षिक तपासणी ठरलेली होती. ती पुढे ढकलायला मोठ्या डॉक्टरांनी फोनवर फोन केले, पण कारखाना ऐकेना. सकाळी बसमागून बस येऊन उभी राहिली. माणसं जिन्यापर्यंत, जिन्यावरून फुटपाथपर्यंत. हाताने लिहायला बोटं पुरली नसती.

"लावा सगळी यंत्रं," मोठे डॉक्टर हताशपणे म्हणाले. "आता जे व्हायचं ते होईल. बिचारा!"

बंदचालूने सगळी यंत्रं सर्व्हरला जोडली आणि तो मन घट्ट करून उभा राहिला. नमुन्यांवर नमुने येऊ लागले, यंत्रं घुरघुरू लागली, रिपोर्टांच्या चळती पडू लागल्या. तासाभराने मोठे डॉक्टर डोकावले. मग पुन्हा डोकावले. गर्दीत बंदचालूला दहा जणांनी दहा ठिकाणी ओढून नेलं, त्याची खुर्ची रिकामी राहिली, आणि तरीही सर्व्हर पडेना. पडणं दूरच, गेल्या कित्येक दिवसांत तो इतका टवटवीत दिसला नव्हता.

संध्याकाळी शेवटची बस गेली. यंत्रं एकामागून एक शांत झाली. तंत्रज्ञबाईंनी हातमोजे काढले आणि म्हणाल्या, "हुश्श! झालं बाई एकदाचं."

आणि सर्व्हर पडला.

बंदचालू पडद्यासमोर उभा राहिला. ती ओळ होतीच: काही नाही, रिकामा होता. या वेळी त्याने ती सोडली नाही.

"सर," तो हळूच म्हणाला, "हा दमून पडत नाहीये. हा झोपला की पडतोय."

मग त्याने उलगडून सांगितलं. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो, आणि जितकं काम कमी तितकी झोप गाढ. मध्यंतरी सर्व्हरमध्ये सुधारणा म्हणून जे बदल आपोआप आले, त्यांत ही झोप जरा जास्तच गाढ झाली होती. त्या झोपेतून उठताना त्याला आपण कुठे आहोत तेच कळत नव्हतं, आणि कर्नेल घाबरून हात वर करत होता. "मी शेजारी बसायचो तेव्हा माझे प्रोग्रॅमच त्याला झोपू देत नव्हते. लळाबिळा काही नाही. आणि आपण त्याला जितकी विश्रांती दिली..."

"तितका त्याचा जीव घेतला," मोठे डॉक्टर म्हणाले. ते खुर्चीवर बसले. "एकच पेशंट मिळाला आयुष्यात."

"उपाय सोपा आहे, सर. गाढ झोप बंद करायची. डुलकी चालेल."

एक ओळ लिहायची होती. बंदचालूने ती लिहिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आणि दुसरा सगळा दिवस मुद्दाम एकही प्रोग्रॅम न लावता त्याला रिकामा ठेवून पाहिला. सर्व्हर पडला नाही. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काउंटरवरच्या बाईंनी काठीवाल्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, "कर्नल ठणठणीत आहेत. आता फक्त डुलकी काढतात."

घरी जाताना बंदचालूचे पाय जमिनीवर नव्हते. सर्व्हर सुधारला हा आनंद होताच, पण चालता चालता त्याला आई दिसू लागली. खिडकीशी बसलेली, चेहरा ओढलेला. एकेक काम काढून घेतलं तसतशी आणखी मिटत गेलेली. चूक तीच आणि औषधही तेच उलटं! एवढा सरळ हिशेब आपल्या ध्यानात कसा आला नाही, म्हणून त्याने रस्त्यातच कपाळावर हात मारला.

"आधी माळ्यावरचं मशीन काढायचं," दारातून आत येता येताच तो बायकोला म्हणाला.

"आत्ता? का?"

"आई दमलेली नाहीये. आपण तिला रिकामं बसवून आजारी पाडतोय."

त्याने सर्व्हरची सगळी कथा सांगितली. बायकोने ती पोळी लाटता लाटता ऐकली आणि लाटणं खाली ठेवलं. तिलाही पटलं. सासूबाईंचं मिटलेलं तोंड बघून तीही हळहळत होतीच, शिवाय दोन वेळचा स्वयंपाक एकटीने करून तिचाही पिट्ट्या पडला होता. दोघांनी मिळून मशीन खाली घेतलं, पुसलं, तेल घातलं. बंदचालूने जुन्या विद्यार्थिनींना फोन लावले. चार जणी यायला तयारही झाल्या. बायकोने भाजीची टोपली आणि विळी आणून ठेवली. मग दोघांनी मशीन उचलून आईच्या खोलीत नेलं.

आई खिडकीशी बसली होती.

"आई, चुकलं आमचं," बंदचालू मशीन खाली टेकवत म्हणाला. "उद्यापासून क्लास सुरू. सकाळची बॅच आणि दुपारची पण. भाजी तूच निवडायची. स्वयंपाकात एक वेळ तुझी. पेपर तुझा तू वाचायचास. आता तुला कुणी काही करायला नाही म्हणणार नाही."

आईने मशीनकडे पाहिलं. मग टोपलीकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बंदचालूने बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं.

"माझं काय चुकलं रे?" आई म्हणाली.

"काय?"

"नीट बसले होते ना मी कोपऱ्यात? कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग कशाला हे सगळं परत?"

"अगं, पण तू उदास झाली होतीस ना? चेहरा बघ केवढा उतरलाय!"

"उतरवावा लागतो!" आईने डोळे पुसले. "हसत बसले असते, तर बरी झाली म्हणून महिन्याच्या आत कामाला लावलं असतंत. चेहरा पाडून बसले, तेव्हा कुठे रोज एकेक काम कमी झालं. तुझ्या जन्माच्या आधीपासून पाय हलवतेय त्या मशीनवर. आता पहिल्यांदाच दुपारभर बसून बाहेर बघायला मिळतंय. हिच्या तोंडून पेपर ऐकायला काय छान वाटतं म्हणून सांगू!"

बायकोला हसावं की रडावं ते कळेना. बंदचालू पलंगाच्या कडेवर टेकला. नुकतंच उलगडलेलं कोडं पुन्हा गुंडाळून त्याच्या हातात आलं होतं.

"मग सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"विचारलंत कुठे? आराम कर म्हणालात, तेव्हा विचारलं नाहीत. आता काम कर म्हणताय, तेही आल्या आल्या टोपलीसकट."

ती रागाने म्हणाली नाही, म्हणून त्याला जास्तच लागलं. त्या सर्व्हरच्या अंगावरचा स्क्रू न् स्क्रू त्याने सोडवून पाहिला होता, त्याच्याजवळ मफलर गुंडाळून दिवसचे दिवस बसला होता. आईला मात्र दारातूनच "बरं वाटतंय ना?" विचारून तो कामावर पळाला होता.

"मशीन राहू दे इथेच," जरा वेळाने आई म्हणाली. "मनात आलं तर शिवीन. नाही आलं तर नाही. त्या मुलींना फोन करून नको म्हणून सांग. आणि जरा सरक, दिसत नाहीये मला."

"काय दिसत नाहीये?"

"समोरची गॅलरी. ते दोघं नवराबायको रोज या वेळेला झाडांना पाणी घालायला येतात आणि भांडतात. आज कुंड्या सरकवण्यावरून होणार बहुतेक. बस, बघ."

बंदचालू तिच्या शेजारी बसला. समोर खरोखरच दार उघडलं, झारी घेऊन नवरा आला, आणि मागून बायको आली ती बोलतच. काय बोलत होती ते नीट ऐकू येत नव्हतं, पण हातवाऱ्यांवरून आई सगळं समजावून सांगत होती. शेजारी कुणी काही करत नसताना, आपणही काही न करता नुसतं बसणं किती सोपं असतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

बायको मघाशीच स्वयंपाकघरात गेली होती. तिथून हाक आली, "अहो, जरा येता का? पोळ्या अर्ध्याच झाल्यात अजून."

तो उठणार, तोच आईने त्याचं मनगट धरलं.

"चेहरा पाड," ती कुजबुजली.

त्याने पाडला. बायको दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवून दोघांकडे एकदम पाहिलं. ती आत गेली. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती स्टूल घेऊन आली, ते खिडकीशी दोघांच्या मधोमध ठेवून त्यावर बसली, आणि तिने त्या दोघांपेक्षाही चांगला चेहरा पाडला.